साठ किलोंचा फरक

गाडी दारात उभी राहिली त्या दुपारी निरीक्षकांची बायको गाडीची पायरी चढून आत गेली, तिने एक खोल श्वास घेतला आणि बाह्या वर सारून ती हात धुवायला नळ शोधू लागली.

"काय झालं?" निरीक्षकांनी बाहेरून विचारलं.

"सवय," ती म्हणाली. "लवंगेचं तेल आणि स्पिरिट. अहो, मला ड्यूटीवर आल्यासारखं वाटतंय. पेशंट कुठाय?"

निरीक्षकांना वेगळ्या वाक्याची अपेक्षा होती. 'अय्या, किती छान' एवढं नाही, पण 'बरी आहे' इथवर त्यांची तयारी होती. मात्र वासाच्या बाबतीत त्यांना काही बोलता येईना, कारण गाडीचं पूर्वायुष्य लपवण्यासारखं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा हा फिरता दवाखाना. चौदा वर्षं तो शाळाशाळांतून दात काढत हिंडला. डॉक्टरांनी नवा दवाखाना केला तेव्हा जुना निरीक्षकांच्या वाट्याला आला. खुर्ची काढून नेली होती, पण तिचे चार बोल्ट जमिनीत राहिले होते, चूळ थुंकायचं चिनी मातीचं भांडं राहिलं होतं आणि छताला तो मोठा गोल दिवा राहिला होता. त्या दिव्याखाली उभं राहिलं की भल्याभल्यांचं तोंड आपोआप उघडायचं. पहिल्या दिवशी सोळा शेजारी गाडी बघून गेले. त्यांतले अकरा बाहेर पडले ते गालाला हात लावूनच. निरीक्षकांनी ते मोजले होते.

मोजणं हा त्यांचा स्वभाव होता. बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात काढल्यावर तो दुसरा असणार तरी कसा? निवृत्त होऊन नऊ महिने झाले तरी ते रोज पाण्याचं मीटर, विजेचं मीटर आणि बाल्कनीतला थर्मामीटर वाचत, आकडे वहीत उतरवत आणि मोठ्याने पुटपुटत त्यांच्या सरासऱ्या काढत. "एकोणतीस पूर्णांक चार, एकोणतीस पूर्णांक सहा, हातचा एक..." हे दुपारी दोन ते चार. नेमकी तीच बायकोची झोपायची वेळ. "काय सारखी बडबड तुमची!" असं म्हणून ती कूस बदलायची आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागायची.

तिची झोप हाच या सगळ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा होता. तीस वर्षं नर्सची नोकरी, पाळ्या, घंटा, धावपळ. त्यामुळे परक्या जागी तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे. लॉजमध्ये नाही, पाहुण्यांकडे नाही, प्रवासात तर नाहीच. त्यांची लेक अकराशे किलोमीटरवर एका खोलीत राहून नोकरी करत होती. तीन वर्षांत आई तिच्याकडे दोनदा गेली आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी डोळे तांबडे करून परतली. "आई, या वेळी निदान आठवडाभर तरी राहा ना," लेक फोनवर म्हणाली होती आणि फोन ठेवल्यावर आई बराच वेळ एकच भांडं पुसत बसली होती. ते पाहून निरीक्षकांच्या डोक्यात ही कल्पना आली. बायकोला परक्या घरी झोप लागत नसेल तर आपलं घरच तिच्याबरोबर न्यावं.

बायकोने हात धुतले, गाडीभर नजर फिरवली आणि निकाल सांगितला.

"हे बघा, मी नाही म्हणत नाही. यात मला दुपारची एक झोप लागू दे. खरी झोप हं, डोळे मिटून पडणं नव्हे. मग म्हणाल तिथे येते. लेकीची रजा पंचवीसपासून आहे. एकवीस तारखेपर्यंत झोप नाही लागली तर गाडी डॉक्टरांना परत."

"म्हणजे घरासारखं वाटलं पाहिजे."

"हो."

"घरासारखं म्हणजे नेमकं काय?"

"नेमकं काय म्हणजे? घरासारखं."

"पलंग? खिडकी? उजेड?"

"सगळंच."

"'सगळंच' हे माप होत नाही गं," निरीक्षक कळवळून म्हणाले. पण ती तोवर घरात निघून गेली होती.

*

ज्या गोष्टीला एकक नाही ती गोष्ट अस्तित्वातच नाही, असं निरीक्षक नोकरीत सांगत आले होते. आता घरपणाचं एकक शोधायची पाळी आली. त्यांनी ते पद्धतशीर शोधायचं ठरवलं. दुपारी दोन वाजता ते झोपायच्या खोलीत गेले आणि एकूण सत्तेचाळीस नोंदी केल्या. पलंगाची उंची जमिनीपासून बेचाळीस सेंटीमीटर. गादीवर पाच किलोचं प्रमाणित वजन ठेवलं की ती अडीच सेंटीमीटर दबते. पडदा ओढल्यावर उजेड एवढा, की वर्तमानपत्राचा मथळा वाचता येतो, बातमी नाही. भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके मिनिटाला साठ. हे शेवटचं आधीच ठाऊक होतं, पण त्यांनी मोजून खात्री करून घेतली.

"अहो, मी झोपलेय ना इथे," बायको म्हणाली.

"मी काही बोलतोय का?"

"तेच म्हणतेय. कोण असं न बोलता डोक्याशी उभं राहतं? वॉर्डात मोठे डॉक्टर राउंडला आल्यासारखं वाटलं."

ही अठ्ठेचाळिसावी नोंद झाली असती, पण निरीक्षकांनी ती वहीत घेतली नाही. हे पुढे त्यांना फार महागात पडलं.

दरम्यान इमारतीत बातमी पसरली आणि सल्ले येऊ लागले. समोरच्या घरात भूगोलाच्या निवृत्त बाई राहत. त्यांनी गाडीत डोकावून चष्मा पुसला.

"भिंती बोडक्या आहेत. घरपण पुस्तकांनी येतं. माझं नकाशांचं कपाट घेऊन जा. माझ्याकडे तसंही जागा नाही."

"बाई, आम्हांला एकाच गावाला जायचंय."

"म्हणून काय झालं? बाकीची कुठे आहेत हे माहीत नको?"

त्यामुळे कपाट आलं. त्याच्यामागोमाग, कपाट एकटं दिसतं म्हणून, पृथ्वीचा गोल आला. वरचे डॉक्टर म्हणाले, पडदे जाड हवेत आणि काही झालं तरी त्या दिव्याला हात लावू नका, तसा उजेड आता मिळत नाही. सुतार आला. त्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं, "फार थंड भिंत आहे," असं म्हणून मान हलवली आणि तिच्यावर फुलाफुलांचा कागद चिकटवायला सांगितला. थुंकायचं भांडं काही केल्या निघेना, निघालं ते पाइपासकट निघेल असं दिसायला लागलं, तेव्हा डॉक्टरांच्याच सूचनेवरून त्यात माती भरून रोप लावलं. रोप चांगलं तगलं. पण त्याला पाणी घालताना निरीक्षकांच्या तोंडून नकळत "चूळ भरा" असे शब्द निघत.

पहिली परीक्षा आठ तारखेला झाली. निरीक्षकांनी घरच्यासारखंच एक घड्याळ भिंतीला लावलं, बायकोला गादीवर झोपवलं, पडदे ओढले, दार घट्ट लावलं आणि हातात घड्याळ घेऊन ते बाहेर पहाऱ्याला उभे राहिले. श्वाससुद्धा त्यांनी बेताने घेतला. भूगोलाच्या बाई काहीतरी विचारायला आल्या, त्यांना तोंडावर बोट ठेवून परत पाठवलं. सुताराला शिंक येत होती, ती त्याला कोपऱ्यावर जाऊन द्यावी लागली. सत्तेचाळीस मिनिटांनी दार उघडलं.

"लागली?"

"घड्याळाचे ठोके मोजत होते. दोन हजार आठशे वीस झाले."

"बरोबर आहे," निरीक्षक अभावितपणे म्हणाले. मग त्यांचा चेहरा पडला. "पण का नाही लागली?"

"काय सांगू? अतिदक्षता विभागात असल्यासारखं वाटलं. इतकं शांत तिथेच असतं. आणि तिथे असं शांत झालं ना, की आम्ही धावत सुटायचो."

निरीक्षकांनी वहीत लिहिलं : 'अजून सामान कमी.'

माणूस एकदा चुकीच्या दिशेने निघाला की मोजून पावलं टाकल्याचा उपयोग होत नाही, उलट तो वेळेवर चुकीच्या ठिकाणी पोहोचतो. निरीक्षकांनी घरासारख्या वस्तू गोळा करणं सोडलं आणि घरच्याच वस्तू गाडीत न्यायला सुरुवात केली. आधी घरचं घड्याळ. मग तिची हातांची खुर्ची. मग सतरंजी, पडदे, दारातलं पायपुसणं. बारा तारखेला दुसरी परीक्षा झाली, पंधराला तिसरी. दार बंद, पहारा कडक, निकाल तोच. सोळा तारखेला भूगोलाच्या बाई साखर मागायला घरी आल्या. रिकाम्या खोलीत त्यांचाच आवाज घुमून परत आला, तशा त्या दचकल्या.

"घर सोडताय का हो सिस्टर?"

"मी नाही," बायको ओट्याला टेकून उभ्या उभ्या चहा पीत म्हणाली. "घरच मला सोडून चाललंय. रोज थोडं थोडं."

*

आता कागदपत्रांकडे वळायला हवं, कारण झोप लागली असती तरी कागदांवाचून गाडी रस्त्यावर येणार नव्हती. वाहतूक कार्यालयातल्या चार नंबरच्या खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता कागद वाचला.

"यावर 'फिरता दंत-दवाखाना' लिहिलंय."

"तेच बदलायचंय. निवासी वाहन करायचंय."

"दवाखाना बंद झाल्याचा दाखला?"

"अहो, दाखला कशाला? खुर्चीच काढून टाकलीय."

"खुर्ची रिकामी झाली म्हणजे दवाखाना बंद होतो का? मी या खुर्चीवरून उठलो तर कार्यालय बंद होतं का?"

सकाळपासून तो दोनदा उठला होता आणि दोन्ही वेळा कार्यालय बंद झालं होतं. पण निरीक्षकांनी स्वतः बत्तीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला काढली होती, त्यामुळे असली निरीक्षणं बाहेरच्या बाजूने बोलून दाखवायची नसतात हे ते जाणून होते.

'सदर वाहनात सद्यस्थितीत एकही रुग्ण उपचार घेत नाही' असा दाखला नोंदणीकृत दंतवैद्याने द्यायचा होता. वरचे डॉक्टर आनंदाने तयार झाले. मात्र न पाहता सही करायची नाही हे त्यांचं तत्त्व होतं. ते गाडीत आले, जुन्या सवयीने त्यांनी गोल दिवा लावला आणि दिव्याखाली उभ्या असलेल्या निरीक्षकांचं तोंड जुन्या सवयीने उघडलं.

"अरेच्चा," डॉक्टर वाकून म्हणाले. "खालची उजवी दाढ. हलतेय की!"

"आँ?"

"आता दाखला कसा देऊ? एक रुग्ण आहे ना इथे."

दाढ काढल्याशिवाय दाखला मिळाला नाही. सुजलेला गाल घेऊन निरीक्षक परत खिडकीशी गेले. कारकुनाने दाखला टाचला आणि पुढचं कलम काढलं.

"आतलं सामान बसवलेलं आहे की सुटं?"

"कसं असायला हवं?" निरीक्षकांनी शक्य तितक्या स्पष्ट उच्चारात विचारलं.

"बसवलेलं असेल तर बांधणीत बदल झाला, त्याची मंजुरी वेगळी. सुटं असेल तर ती मालवाहतूक, त्याचा परवाना वेगळा."

"मग सामानच नको?"

"सामान नको कसं? पलंग, चूल, पाणी नसेल तर निवासी कसं म्हणणार? बरं, राहतं कोण यात?"

"अजून कोणी नाही. नोंद झाली की राहू."

"कोणी राहत नसेल तर निवासी अशी नोंद कशी करू? राहत असल्याचा पुरावा लागेल."

"पण नोंद व्हायच्या आधी त्यात राहणं बेकायदा आहे ना?"

"अर्थातच."

"मग?"

"काट्याची पावतीही आणा. अठ्ठावीसशे किलोंच्या वर नको," कारकून म्हणाला. "पुढचे कोण?"

निरीक्षक पायऱ्या उतरून खाली आले तेव्हा त्यांना नक्की काय आणायला सांगितलंय हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. ध्यानात राहिला होता तो एकच शब्द : काटा. गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोललं होतं.

सुटं की बसवलेलं हा पेच सुताराने सोडवला. "प्रत्येक वस्तूला एकच स्क्रू मारतो," तो म्हणाला. "हलवलं तर हलेल, ओढलं तर निघणार नाही. साहेबांनी विचारलं की बसवलेलं म्हणायचं. पुन्हा विचारलं की सुटं."

*

एकवीस तारखेला सकाळी निरीक्षक गाडी घेऊन धान्याच्या गोदामाजवळच्या वजनकाट्यावर निघाले. वजनकाटा म्हणजे जमिनीत बसवलेली लोखंडी फळी, जिच्यावर अख्खा ट्रक उभा राहतो आणि केबिनमध्ये आकडा उमटतो. बायको डबा घेऊन शेजारी बसली.

"तू कशाला? ऊन आहे."

"घरी बसू कशावर?"

रस्त्यात ती एकदाच म्हणाली, "तिला काल फोनवर सांगितलं, बघू म्हणून. तर म्हणाली, आई, मी उशी आणून ठेवलीय." आणि खिडकीबाहेर बघत बसली. निरीक्षकांनी गिअर बदलला.

काटेवाला त्यांना पाहताच उभा राहिला. ज्या माणसाने वर्षानुवर्षं येऊन आपला काटा तपासला तो आज गाडी मोजायला आलेला पाहून त्याला सलाम करावा की हसावं हे कळेना. त्याने दोन्ही केलं.

"साहेब, तुमची गाडी म्हणजे काय, तुम्हीच आकडा सांगा, मी लिहितो."

"तसं चालणार नाही," निरीक्षक ताठ होत म्हणाले. "पण सांगतो. खुर्ची वजा जाता नोंदणीतलं मूळ वजन तेवीसशे पन्नास. मी ठेवलेलं सामान चारशे दहा, एकेक वस्तू वजन करून. एकूण सत्तावीसशे साठ."

दोघं उतरले. गाडी फळीवर एकटी उभी राहिली. काटेवाल्याने आकडा वाचला, केबिनच्या खिडकीतून एकदा निरीक्षकांकडे पाहिलं आणि पुन्हा वाचला.

"एकोणतीसशे साठ."

दोनशे किलोंचा फरक! नोकरीत एवढ्या फरकावर निरीक्षकांनी दुकानांना टाळं लावलं होतं. मागे रांगेत ट्रक उभे होते. त्यांतले चालक काय झालं ते बघायला खाली उतरले. निरीक्षकांनी वही उघडली आणि पानं उलटत उभे राहिले.

"अहो," बायको शांतपणे म्हणाली, "सकाळी टाकी भरलीत ना काठोकाठ?"

"भरली. एकशे वीस लिटर."

"मग?"

निरीक्षकांनी डोळे मिटले. पाण्याला वजन असतं हे शाळेतल्या मुलाला माहीत असतं. पण पाणी त्यांच्या वहीत 'सोयी' या सदरात होतं, 'सामान' या सदरात नव्हतं. नळ उघडला. एकशे वीस किलो पाणी वाहत जाऊन ट्रकचालकांच्या चपला भिजल्या. उरले ऐंशी किलो. त्यांचा उलगडा डॉक्टरांना फोन केल्यावर झाला.

"अहो, ते शिशाचं!" डॉक्टर म्हणाले. "एक्स-रेसाठी भिंतीत शिशाचा पत्रा आहे, चहूबाजूंनी. नोंदणीनंतर बसवला. फार उपयोगी हो, दार लावलं की बाहेरचा आवाजसुद्धा आत येत नाही."

तर ती थंड भिंत म्हणजे शिसं होतं आणि त्यावर फुलाफुलांचा कागद होता. ते काही निघणार नव्हतं. म्हणजे वजन अठ्ठावीसशे चाळीस, आणि चाळीस किलो उतरवायचे. निरीक्षकांनी स्क्रूड्रायव्हर काढला. भूगोलाच्या बाईंचं नकाशांचं कपाट, बेचाळीस किलो. कपाट बाहेर येऊन उन्हात उभं राहिलं. सगळे भराभर कामाला लागले होते, दार सताड उघडं होतं आणि निरीक्षक घाम पुसत, पावलागणिक आकडे म्हणत आतबाहेर करत होते. "अठ्ठावीसशे चाळीस वजा बेचाळीस, हातचा..."

"अहो, मी जरा टेकते," बायको म्हणाली.

"हं, हं. सत्तावीसशे अठ्ठ्याण्णव," निरीक्षक म्हणाले.

पुन्हा वजन झालं. काटेवाल्याने या वेळी आकडा वाचायला बराच वेळ घेतला.

"साहेब, अठ्ठावीसशे साठ."

"वाढलं?"

"वाढलं."

"सामान काढल्यावर?"

"काढल्यावर."

ट्रकचालकांत खसखस पिकली. "काका, अजून थोडं उतरवा, मग तीन हजार होईल," एक जण म्हणाला. निरीक्षकांनी तीनदा बेरीज केली, तिन्ही वेळा मोठ्याने, तिन्ही वेळा एकच उत्तर. पाणी गेलं होतं. कपाट समोर उभं होतं. साठ किलो कुठून आले? पदार्थ असा शून्यातून निर्माण होत नाही. त्यांच्यासमोर एकच शक्यता उरली आणि ती बोलताना त्यांचा आवाज चढला.

"काट्यात दोष आहे तुमच्या!"

काटेवाल्याने केबिनच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे तपासणीची शिशाची मोहर होती, खाली तारीख होती, नऊ महिन्यांपूर्वीची, आणि तारखेखाली सही होती. निरीक्षक ती सही ओळखत होते. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी स्वतः केलेली ती अखेरची तपासणी.

म्हणजे काटा चूक असेल तर तो तपासणारे निरीक्षक चूक. काटा बरोबर असेल तर त्यांची वही चूक, म्हणजे पुन्हा तेच चूक. बत्तीस वर्षांत अशा कोंडीत त्यांनी कोणालाही पकडलं नव्हतं. शेवटचा उपाय म्हणून ते स्वतः फळीवर चढले. आकडा सत्तरने वाढला. ते उतरले, सत्तरने कमी झाला. काटा चोख होता. साठ किलो खरोखरच गाडीत होते.

ते शोधायला निरीक्षक आत शिरले.

बायको गादीवर एका कुशीवर झोपली होती. हात उशीखाली, तोंड किंचित उघडं. गोल दिव्याचा त्यात काही हात नव्हता, तो बंद होता. ती घोरत होती. घरी घोरायची तशीच, दर चौथ्या श्वासाला जराशी शीळ.

निरीक्षक जागच्या जागी थिजले. मग चवड्यांवर मागे सरकत बाहेर आले आणि तोंडावर बोट ठेवून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. ट्रकचालक गप्प झाले. कोणीतरी चालू इंजिन बंद केलं. गोदामाच्या आवारात चिडीचूप झालं.

आतलं घोरणं थांबलं.

"अहो," आतून झोपाळलेला आवाज आला, "थांबलात का?"

"काय... काय थांबलो?"

"तुमची बडबड. चालू द्या की." आणि गादी करकरली, तिने कूस बदलली.

निरीक्षक पायरीशी वही घेऊन उभे राहिले. दोन हजार आठशे वीस ठोके, सत्तेचाळीस नोंदी, तीन परीक्षा. तिन्ही वेळा शिशाच्या पेटीत तिला बंद करून ते बाहेर श्वास रोखून उभे होते. त्यांनी घसा साफ केला आणि वहीतलं दिसेल ते वाचायला सुरुवात केली. "पलंगाची उंची बेचाळीस. गादी अडीच. एकोणतीस पूर्णांक चार, एकोणतीस पूर्णांक सहा..." पाचव्या मिनिटाला शीळ ऐकू आली.

"साहेब, रांग वाढलीय," काटेवाला कुजबुजला. "बाईंना उठवता का? साठ कमी झाले की झालं."

"उठवायचं नाही," निरीक्षक म्हणाले. "आणि कुजबुजू नका. नेहमीच्या आवाजात बोला. ट्रक चालू करा. साठ किलोच उतरवायचे ना? ते दुसरे उतरवू."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. चालकांनी हात लावला. रोपासकट थुंकायचं भांडं, आज पाइपासकट का होईना पण निघालं, चौदा. सतरंजी, तेवीस. भिंतीवरचं घड्याळ, सत्तावीस. हातांची खुर्ची, अठ्ठेचाळीस. पडदे आणि त्यांच्या दांड्या, त्रेपन्न. पायपुसणं आणि पृथ्वीचा गोल, साठ. प्रत्येक आकडा निरीक्षकांनी ठणठणीत आवाजात म्हटला. गाडीत आता सुताराने ठोकलेला जाडजूड पेट्यांचा पलंग, गादी, चूल, रिकामी टाकी, फुलाफुलांचा कागद आणि बायको एवढंच राहिलं होतं.

"अठ्ठावीसशे," काटेवाल्याने आकडा वाचला आणि पावती पुढे केली. "छापील मजकूर आहे, 'वाहन रिकामे असताना'. सही करा साहेब."

निरीक्षकांनी पेन उचलला आणि खाली ठेवला. बत्तीस वर्षांत त्यांनी खोट्या वजनावर सही केली नव्हती. त्यांनी 'रिकामे' हा शब्द खोडला आणि बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'वजनाच्या वेळी वाहनात एक व्यक्ती (६० किलो) झोपलेली होती.' काटेवाल्याने त्यावर गोल शिक्का मारला.

कार्यालय बंद व्हायला दहा मिनिटं असताना ते चार नंबरच्या खिडकीशी पोहोचले. कारकुनाने पावती वाचली, शेरा वाचला, शिक्का बोटाने चाचपून पाहिला.

"झोपलेली होती?"

"दोन तास दहा मिनिटं."

"मग राहतेच की ती यात," कारकून म्हणाला. "हा पुरावा आधी का नाही आणला? आणि सामान?"

"पलंग, चूल, टाकी. बाकी आता नाहीच."

कारकुनाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. त्याने 'दवाखाना' या शब्दावर रेघ मारली.

चोवीस तारखेला पहाटे नव्हे, चांगलं उजाडल्यावर, न्याहारी करून दोघं निघाले. घरचं सामान घरी परत लागलं होतं. गावाबाहेर पडल्यावर बायकोने कागदांची पिशवी उघडली, चष्मा लावला आणि एकेक कागद वाचू लागली. थोड्या वेळाने तिचं वाचणं थांबलं.

"हे काय आहे? साठ किलो? सरकारी कागदावर?"

निरीक्षकांनी पुन्हा गिअर बदलला.

"छप्पन्न आहे माझं वजन! छप्पन्न! दवाखान्याच्या काट्यावर दर महिन्याला बघते मी."

याचं संपूर्ण शास्त्रीय उत्तर निरीक्षकांकडे तयार होतं. मोठ्या काट्याचं लघुतम माप दहा किलो असतं, त्यामुळे छप्पन्न किलोंचे साठ दिसणं हीच त्या काट्याच्या अचूकतेची खूण आहे, हे ते तिला आकृती काढून दाखवू शकले असते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग समोरच्या अकराशे किलोमीटर रस्त्याकडे पाहिलं.

"काट्यात दोष असणार," ते म्हणाले.

"मग! आणि मोहर कोणाची आहे त्याच्यावर?"

"होता कोणीतरी निरीक्षक," निरीक्षक म्हणाले. "आता नाही तो खात्यात."